पाठीवरच्या अकरा रेघा

मी एक जुना काळा दगड आहे, असं लोक म्हणतात. मित्रांनो, यातलं ‘जुना’ खरं आहे. ‘काळा’ तर उघडच दिसतंय. पण ‘दगड’ म्हटलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. जरा मुठीत घेऊन बघा मला. गार लागलो का? नाही ना? दगड हातात घेतला की आधी गार लागतो. मी लागत नाही. आणि वजन म्हणाल, तर तळहातावर काही ठेवलंय हेसुद्धा तुम्ही घटकाभरात विसराल. कारण मी मुळात झाड आहे. झाड होतो, असं म्हणायला हवं, पण इतक्या वर्षांनंतरही मला ते म्हणवत नाही.

जाणकार मला जेट म्हणतात. आकाशातून आवाज करत जाणाऱ्या विमानाचंही तेच नाव आहे म्हणे, पण एवढी घाई मला झेपणारी नाही. कोळसा माझा चुलतभाऊ. तो तापट निघाला आणि शेगडीत गेला. मी झोपाळू निघालो आणि दागिन्यांत गेलो. आताही सांगता सांगता मध्येच माझा डोळा लागला, तर रागावू नका.

माझं झाड एका नदीच्या काठी उभं होतं. त्या नदीला नाव नव्हतं, कारण नाव ठेवायला तेव्हा माणूसच नव्हता. सकाळी धुकं यायचं आणि दुपारपर्यंत रेंगाळायचं. वारा आला की आम्ही हलायचो, गेला की थांबायचो, आणि एवढंच काम आम्हाला दिवसभर पुरायचं. दर वर्षी झाडाच्या अंगात एक रेघ वाढायची. पाऊसपाणी चांगलं झालं की जाड रेघ, हाल झाले की बारीक. झाडं आपली आठवण अशीच ठेवतात.

मग एका वादळात झाड पडलं. नदीने ते उचललं आणि समुद्रात नेलं. बरेच दिवस ते तरंगलं, लाकडात पाणी भरलं, आणि एके दिवशी ते हळूहळू तळाला जाऊन मऊ चिखलात टेकलं. वरून गाळ आला. गाळावर गाळ. मी त्या झाडाचा एक तुकडा, वरचं ओझं वाढत गेलं तसा दबत गेलो, काळा होत गेलो आणि झोपलो. किती वर्षं झोपलो? कोटींनी मोजायची ती वर्षं, माझा आकडा केव्हाच चुकला. एवढं आठवतं की झोपेत स्वप्नं पडायची आणि प्रत्येक स्वप्नात वारा असायचा. माझ्या एका अंगावर झाडाच्या तेवीस रेघा तशाच राहिल्या होत्या. केसाएवढ्या बारीक. काळ्यावर काळं, त्यामुळे डोळ्यांना त्या दिसत नाहीत. बोटाला मात्र कळतात.

मला जाग आली ती कडा कोसळला तेव्हा. समुद्र मागे सरून गेला होता, त्याच्या जागी आता उंच कडा होता आणि लाटा त्याला खालून खात होत्या. मी वाळूत येऊन पडलो. इतक्या काळानंतर ऊन लागलं, आणि मला वाटलं हेही स्वप्नच आहे.

ओहोटीची वेळ होती. एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ हातात पिशव्या घेऊन कड्याखालून चालत होते. दोघांचेही केस पिकायला लागलेले. जेट शोधायचं, कोरायचं आणि घासून चमकवायचं हा त्यांच्या घरचा धंदा. भाऊ कोरायचा, बहीण चमक द्यायची. भाऊ पुढे पुढे पळत होता आणि बहीण वाकून, वाळूवरून हात फिरवत, मागून सावकाश येत होती.

“ताई, हा बघ केवढा मोठा!” भाऊ ओरडला.

बहिणीने तो तुकडा नुसता हातात घेतला. “दगड आहे. टाक.”

“अगं, बघ तरी नीट.”

“बघायचंय काय त्यात? जड आहे आणि गार आहे. घाईराव, जरा दमाने घे.”

मग तिचा हात माझ्यावर आला आणि थांबला. तिने मला उचललं, गालाला लावलं आणि खिशातून फुटक्या पांढऱ्या फरशीचा तुकडा काढला. त्याच्या खरखरीत पाठीवर तिने मला ओढलं. कोळशाची रेघ काळी येते, माझी तपकिरी. लाकडाचा रंग मी आत जपून ठेवला आहे, तो तसा निघतो.

“तपकिरी!” भाऊ म्हणाला.

“मला केव्हाच कळलंय ते,” बहीण म्हणाली. तिने फरशीकडे पाहिलंही नव्हतं. तेव्हा मला याचं काही वाटलं नाही.

त्यांचं घर उताराच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत कारखाना, मागे स्वयंपाकघर. खिडकीशी भावाचं बाकडं, त्यावर सुऱ्या आणि पटाश्या ओळीने लावलेल्या. आतल्या भिंतीशी दोन चाकं होती. एक दगडी, तुकडे घासून सपाट करायचं. दुसरं चामडं लावलेलं, लाल पूड लावून चमक द्यायचं. दोन्ही पायाने चालवायची, शिवणयंत्रासारखी. माझी आणि माझ्या भावंडांची तपकिरी धूळ सगळीकडे बसलेली असायची. कपाटावर, कपबशीत, दोघांच्या भुवयांत. एखादा तुकडा लोकरीच्या बाहीवर घासला की त्याला कागदाचे कपटे येऊन चिकटतात. बहीण कधी कधी उगीचच तसं करायची आणि हसायची.

ओलसर तुकडा लगेच कापला तर तडकतो, म्हणून मला आठ महिने फडताळात वाळत ठेवलं. फडताळ बाकड्याच्या समोरच होतं. मी पेंगत पेंगत सगळं पाहत होतो.

मी आलो त्याच महिन्यात बहीण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. आली ती स्टुलावर बसली आणि भावाला समोर बसवून म्हणाली, “हे बघ, माझी नजर जाणार आहे. एकदम नाही, हळूहळू. त्याला औषध नाही.”

भावाच्या तोंडचं पाणी पळालं.

“रडू नकोस. हात शाबूत आहेत माझे. मला भीती एकाच गोष्टीची आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून, ‘तू आराम कर हं’ म्हणाल ना मला, त्याची. माझं काम चुकायला लागलं की मला तोंडावर सांगायचं. मी शिकेन, नाही जमलं तर माझी मी थांबेन. पण ते मी ठरवणार. देतोस शब्द?”

“दिला,” भाऊ म्हणाला.

मित्रांनो, त्याने तो शब्द एक आठवडासुद्धा पाळला नाही. आणि वाईट याचं वाटतं की त्याने तो मोडला तो निव्वळ मायेपोटी.

बहीण चमक दिलेले तुकडे कापूस घातलेल्या लाकडी पेटीत ठेवायची आणि संध्याकाळी विचारायची, “ठीक आहेत ना रे?” भाऊ म्हणायचा, “एकदम झकास.” दुसऱ्या दिवशी दुपारी ती अर्धा तास आडवी झाली की हा पेटी उघडायचा, एकेक तुकडा काढायचा आणि फडक्याने पुन्हा घासायचा. चाकाचा आवाज होऊ नये म्हणून हाताने. तिची झोप मोडू नये म्हणून श्वासही बेताने. घासून झालं की जसेच्या तसे परत ठेवायचा. आठ महिने रोज हे चाललं होतं. त्या बिचाऱ्याची बोटं सुजली, पण त्याने कुणाला कळू दिलं नाही. बहीण मात्र रोज त्याच्या “झकास”वर खूश होऊन स्वयंपाकाला लागायची. मला फडताळातून ओरडावंसं वाटायचं. पण झाडांना ओरडता येत नाही, आणि मला तर तेवढंही अंग उरलं नव्हतं.

मग माझी पाळी आली. भावाने मला झाडाच्या पानाचा आकार दिला. मधली शीर, एक हलकीशी मुरड, कडेला छोटे दाते. त्याचा हात फार सुंदर चालायचा, हे कबूल करायलाच हवं. पाठ मुळातच सपाट होती, म्हणून तिला त्याने सुरी लावली नाही. “पुढून मागून चमकव,” असं सांगून त्याने मला बहिणीच्या हातात दिलं.

तीन दिवस मी तिच्याकडे होतो. पुढची बाजू तिने अशी चमकवली की तिच्यात खिडकी दिसायला लागली. ती खिडकी तिला दिसत नव्हती. ती अंगठा फिरवायची आणि अंगठा अडखळला नाही की समाधानाने मान हलवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मला उलटं केलं, चाकावर धरायच्या आधी सवयीने पाठीवरून अंगठा फिरवला, आणि तिचा पाय चाकावरच थांबला.

पुन्हा एकदा अंगठा फिरला. मग नख. अगदी सावकाश.

“एक... दोन... तीन...” ती मोजत होती. तेवीसपर्यंत मोजलं तिने. मग उलटं मोजत परत आली. “अगं बाई,” ती मलाच म्हणाली, “ही तर झाडाची वर्षं. ही जाड आहे. त्या वर्षी पाऊस चांगला झालेला दिसतोय. आणि इथे ओळीने चार बारीक. उपाशी काढलीस वाटतं ही?”

मित्रांनो, मला काय वाटलं ते कसं सांगू? त्या चार वर्षांबद्दल आजपर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं. माझी झोप उडाली. चिखलात गेल्यापासून पहिल्यांदा मी पुरता जागा झालो.

तिने माझ्या पाठीला चाक लावलंच नाही. लोकरीच्या फडक्याला तेलाचा थेंब लावून हळूच पुसलं आणि मला पेटीत सगळ्यांच्या वर ठेवलं. भाऊ टपालात पार्सल टाकायला गेला होता. “येऊ दे घाईरावांना. चहा घेताना गंमत दाखवते,” असं म्हणत ती आत चहा टाकायला गेली.

तेवढ्यात भाऊ आला. बहीण आत आहे हे पाहून त्याने नेहमीसारखी पेटी उघडली. मला उलटं केलं. त्याला दिसली मळकट, चमक नसलेली पाठ. त्याचा चेहराच उतरला. “अरेरे,” तो पुटपुटला. “अर्धी बाजू राहिली आणि तिला कळलंसुद्धा नाही.” खडबडीत होती ती, फडक्याने भागणार नव्हतं. त्याने आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि मला दगडी चाकावर धरलं.

एक रेघ गेली. मग दुसरी. मला दुखत नाही, पण आठवण जाताना कळतं. नदीवरचं धुकं गेलं. ज्या वर्षी आमच्या फांदीला पहिल्यांदा शेंड्याचं ऊन मिळालं, ते वर्ष गेलं. मी स्वप्न बघत असेन तर आता जाग येऊ दे, असं मला वाटत होतं.

“काय घासतोयस रे?” आतून बहिणीचा आवाज आला.

“काही नाही. आपलं असंच.”

“दगडी चाक चालू आहे. कोरायचे सगळे तुकडे तर तू परवाच संपवलेस.” ती भिंतीला हात लावत दारात आली. पाय आपोआप थांबला त्याचा. तिने हात पुढे केला. “दे.”

त्याने मला तिच्या तळहातावर ठेवलं. तिचा अंगठा पाठीवरून फिरला. अर्ध्यापर्यंत गुळगुळीत. मग रेघा. तिने मोजल्या. अकरा.

“इथे झाड होतं,” ती म्हणाली. “तेवीस वर्षं होती त्याची. मी मुद्दाम ठेवली होती, तुला दाखवायला.”

भावाने माझ्या पाठीला बोट लावलं. उरलेल्या रेघा त्यालाही कळल्या. तो स्टुलावर बसला. “मला वाटलं, तुला दिसलं नाही म्हणून राहून गेलं.”

“म्हणून तू नीट करत होतास.”

“हो.”

“आजच?”

आत चहा उतू गेल्याचा वास आला, पण दोघांपैकी कुणीही हललं नाही.

“किती तुकडे?” बहिणीने विचारलं.

“सगळे.”

“सगळे? आठ महिन्यांतले सगळे खराब होते?”

“माहीत नाही. मी बघितलंच नाही, ताई. नुसते काढायचे आणि घासायचे. बघायची हिंमतच झाली नाही.”

“मला शब्द दिला होतास तू.”

“तुला वाईट वाटेल म्हणून...”

“आणि आता फार बरं वाटतंय का मला?”

ती रडली नाही. पण तिच्या हाताला घाम आला, तो मला कळला. आठ महिने जे ‘झकास’ तिने रोज खरं मानलं होतं, ते सगळं एका दमात तिच्यासमोर कोसळलं होतं. ज्या खुर्चीला ती घाबरत होती, त्या खुर्चीत तिच्या नकळत तिला केव्हाच बसवलं होतं. मला तिची फार दया आली, आणि भावाचा रागही आला, आणि त्याच्याकडे पाहून तो राग टिकेनाही.

मग ती म्हणाली, “पेटीत खाली माझे कालचे सहा तुकडे आहेत. त्यांना हात लावलायस?”

“अजून नाही.”

“मग भिंग घे आणि खिडकीशी जा. आणि आता बघ.”

तो गेला. एकेक तुकडा उजेडात धरून, भिंगातून, पुढून मागून त्याने पाहिला. डोळ्यांत तेल घालून पाहणं काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. शेवटी तो म्हणाला, “चार उत्तम आहेत. खरंच उत्तम, ताई. माझ्याहून चांगले.”

“मी सहा म्हटलं.”

आता तो काय बोलतो यावर सगळं होतं. ‘सहाही झकास’ म्हणणं त्याच्या जिभेच्या टोकावर आलं असणार. त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

“एकाची कड फिकी आहे. आणि एकाला खाली, देठापाशी, चरा राहिलाय.”

“कुठे? माझं बोट ठेव त्याच्यावर.”

त्याने तिचं बोट धरून देठापाशी नेलं. ती नखाने चाचपत राहिली. “हं,” ती म्हणाली. “आहे खरा. देठाकडे माझा अंगठा वळतच नाही, करंगळी फिरवायला हवी.” आणि मित्रांनो, ती हसली. कुणी आपली चूक दाखवल्यावर इतकं मोकळं हसलेलं माणूस मी पुन्हा कधी पाहिलं नाही. “हे आठ महिन्यांपूर्वी सांगायचं होतंस, घाईराव. आतापर्यंत शिकले असते मी.”

मग तिने पेटीच्या दुसऱ्या कप्प्यातले, परवा भावाने घासलेले तुकडे चाचपले. तिसऱ्यावर थांबली. “आणि हे बारीक ओरखडे कुणाचे? फडक्यात वाळूचा कण होता तुझ्या. चांगले तुकडे बिघडवून ठेवलेस की रे.”

भावाने तो तुकडा भिंगाखाली धरला आणि कान पकडले. मग दोघेही हसले, आणि हसता हसता भाऊच रडला.

त्या दिवसापासून त्या घरात एक रीत पडली. तुकडा झाला की आधी डोळे मिटून बोटांनी तपासायचा, मग डोळे उघडून भिंगाने, आणि जे सापडेल ते मोठ्याने सांगायचं. भावाच्या चुका बहीण सांगायची, बहिणीच्या भाऊ. नजर पूर्ण गेल्यावरही बहिणीने नऊ वर्षं काम केलं. लांबून लोक यायचे आणि तिने दिलेली चमक ओळखायचे. मला मात्र तिने कुणाला दिलं नाही. मागे पिन बसवून मला ती खांद्यापाशी लावायची, आणि कुणाचं ऐकत असली की तिचा अंगठा माझ्यामागे जायचा आणि अकरा रेघांवरून फिरत राहायचा. एक दिवस तिने स्वतःच चाकावरचं चामडं उतरवून गुंडाळून ठेवलं. “आता बोटं थरथरतात,” ती म्हणाली. ते तिनेच ठरवलं.

ती गेल्यावर भावाने मला आपल्या मुलीकडे दिलं, म्हणजे बहिणीच्या भाचीकडे. भाची दूरच्या गावी शिवणकाम करायची. कामाच्या धबडग्यात माझी पिन तुटली आणि मी बटणांच्या डब्यात पडलो. तिथे माझ्या शेजारी काळ्या काचेचं एक बटण होतं. “मीसुद्धा जेटच,” असं ते सगळ्यांना सांगायचं. अंग तर त्याचं बर्फासारखं गार. मी वाद घातला नाही, कूस बदलून झोपलो. पुन्हा वाऱ्याची स्वप्नं पडू लागली. त्या स्वप्नांत आता कधी कधी एक अंगठाही यायचा.

पुष्कळ वर्षांनी डबा उघडला. भाचीने मला बाहेर काढून फुंकर मारली. “आत्याचं पान!” ती म्हणाली आणि त्याच दिवशी मला दागिने दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेली.

त्याने मला पालथं केलं. “पुढून काय सुरेख काम आहे हो. मागची बाजू मात्र कुणीतरी अर्धवट सोडलीय. पिन बसवतोच, आणि हेही पाच मिनिटांत साफ करून देतो.” आणि त्याने बटण दाबलं. त्याचं चाक विजेवर चालणारं होतं.

भाचीला रेघांचं काहीच ठाऊक नव्हतं. आत्याच्या मोठमोठ्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या, पण ही गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. चाक जवळ येत होतं. अकरा वर्षं होती माझ्याकडे, सगळी मिळून अकरा.

“एक मिनिट हं,” भाची म्हणाली. “आत्या सारखा इथे मागे अंगठा फिरवायची. का कोण जाणे. द्या जरा.”

तिने मला हातात घेतलं. आणि आत्या करायची तसं करून पाहावं म्हणून डोळे मिटले.

दुकानात फक्त चाकाची घरघर चालू होती. शिवणकाम करणाऱ्या माणसाची बोटं ती, धाग्याएवढी गोष्टही त्यांना कळते. अंगठा गुळगुळीत भागावरून सरकत आला आणि अडला. तिचे ओठ हलायला लागले.

“अकरा,” ती म्हणाली.

“जुने ओरखडे असतील, ताई.”

“ओरखडे इतके ओळीत नसतात. टाके घालावेत तसे आहेत हे.” तिने डोळे उघडले नाहीत. “राहू द्या. पिन तेवढी बसवा, आणि ती या रेघा सोडून बसवा.”

त्याने चाक बंद केलं, आणि माझ्या जिवात जीव आला.

मित्रांनो, आता मी भाचीच्या खांद्यापाशी असतो. माझं फार काही मागणं नाही. एखादी जुनी वस्तू मळकट दिसली, अर्धवट दिसली, तर ती घासून लख्ख करायच्या आधी तिच्यावरून एकदा बोट फिरवा. कुणीतरी ते मुद्दाम ठेवलेलं असू शकतं. आणि ज्या माणसावर तुमची माया आहे, त्याच्या पाठीमागे त्याचं काम गुपचूप नीट करू नका. समोर बसा, त्याचं बोट धरा आणि कुठे चुकलंय ते दाखवा. वाईट वाटेल त्याला, पण खुर्चीत बसवल्याइतकं नाही.

चला, माझे डोळे पुन्हा जड व्हायला लागलेत. झोपण्याआधी एक करा. डोळे मिटून माझ्या पाठीवरून अंगठा फिरवा. सावकाश, मला घाई नाही. आली पहिली? आता दुसरी. तिसरी जाड लागेल बघा. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता.